दिवेआगरच्या ओल्या वाळूत डिटेक्टर का ओरडतो, आणि मावशींचं मंगळसूत्र कुठे शोधायचं

कोथरूडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. एकाच फ्रिक्वेन्सीवर, १२ किलोहर्ट्झवर चालणारा मेटल डिटेक्टर नुकताच घेतला आहे. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास दिवेआगरला गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मावशींचं मंगळसूत्र लाटेत तुटून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, ओहोटी असताना, पाण्याच्या कडेकडेने तीन तास शोधलं. कोरड्या वाळूत मशिन शांत होतं, ओल्या वाळूत शिरल्याबरोबर सतत ओरडायला लागलं. सापडली ती बाटल्यांची बुचं, अ‍ॅल्युमिनियमचे कपटे आणि जाळ्याची दोन शिशाची वजनं. व्हिडिओत सांगतात तसं लोखंड बंद करून ठेवलं होतं, म्हणजे लोखंडाच्या सिग्नलला मशिनने आवाजच द्यायचा नाही असं सेटिंग, तरी नाणं एकही नाही. मशिन खराब आहे का, महागातलं घ्यावं का, आणि मंगळसूत्र मिळायची काही आशा आहे का?

आशा आहे. मशिनही ठीक आहे. चुकली ती जागा.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब असा: तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. भाऊबीज म्हणजे शुद्ध द्वितीया. दोन त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दीड. त्या दिवशी पूर्ण भरती दीडच्या आसपास होती आणि मंगळसूत्र गेलं एकला, म्हणजे समुद्र जवळजवळ भरलेला असताना. त्या वेळचं गुडघाभर पाणी किनाऱ्याच्या वरच्या भागात होतं, सुरूच्या झाडांपासून फार लांब नाही. दुसऱ्या दिवशी तृतीयेला भरती सव्वादोनला, आणि ओहोटी साधारण सव्वासहा तास मागेपुढे, म्हणजे सकाळी आठ-साडेआठला. तुम्ही आठला पाण्याच्या कडेला शोधत होतात तेव्हा समुद्र पार खाली गेलेला होता. दिवेआगरसारख्या सपाट किनाऱ्यावर या दोन रेषांमध्ये शंभर-दीडशे पावलांचं अंतर सहज पडतं. ‘लाटेत गेलं’ म्हणून आपण लाटेत शोधतो. पण लाट मागे गेली, सोनं तिच्यामागे गेलेलं नाही.

ते का गेलं नसेल, हे वजनावरून कळतं. वाळूचा कण पाण्याच्या साधारण २.६५ पट जड असतो. शिसं ११.३ पट, चांदी १०.५ पट, शुद्ध सोनं १९.३ पट आणि दागिन्याचं २२ कॅरेट सोनं साधारण साडेसतरा-अठरा पट. लाट वाळू ढवळते तेव्हा वाळू पुढेमागे वाहत राहते आणि सोनं जागच्या जागी खाली बसतं. प्रत्येक लाटेगणिक ते थोडं आणखी रुततं, आणि घट्ट वाळूचा किंवा शिंपल्यांचा थर लागला की थांबतं. अ‍ॅल्युमिनियम मात्र पाण्याच्या २.७ पट, म्हणजे जवळजवळ वाळूइतकंच. ते वाळूसोबत किनाराभर हिंडतं. म्हणून एखाद्या पट्ट्यात नुसते कपटे आणि कॅनच्या कड्याच निघत असतील, तर ती समुद्राने नव्याने आणून टाकलेली हलकी वाळू आहे, तिथे वेळ घालवू नका. याउलट शिशाची वजनं निघाली तर पाय तिथेच रोवा. समुद्राने जिथे शिसं बसवलं, तिथे सोनंही बसवलेलं असायची शक्यता असते. तुम्हाला मिळालेली दोन वजनं तुम्ही कचरा समजलात, पण त्या तीन तासांत हाती लागलेली सर्वात कामाची गोष्ट तीच होती.

ऋतूचाही हिशेब धरा. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात आणि खालचा घट्ट थर उघडा पडतो. ऑक्टोबरपासून शांत लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणतात. म्हणजे दिवाळीनंतर प्रत्येक आठवड्याला मंगळसूत्रावर नवा थर चढतो आहे. आज ते वीतभर खाली असेल, तर फेब्रुवारीत हातभर खाली असू शकेल, आणि तिथपर्यंत कोणतंच मशिन बारीक सोनं ऐकू शकत नाही. गाठायचं तर आत्ताच. नाही जमलं, तर पुन्हा संधी पुढच्या पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात.

आता ती जागा काढायची कशी. त्या दिवशीचे सगळ्यांच्या फोनमधले फोटो गोळा करा. फोटोत वेळ असते, लोकेशन चालू असेल तर जागाही असते. मागे दिसणारं एखादं वाकडं झाड, स्टॉलचं छप्पर, रिसॉर्टची पाटी यांतल्या दोन खुणा एका रेषेत आणल्या की किनाऱ्यालगतची दिशा पक्की होते. उभा अंदाज, म्हणजे पाण्यापासून किती वर, तो कचऱ्याच्या रेषेवरून काढायचा. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे काटक्या, शिंपले, थर्माकोल यांची ओळ राहते. अमावस्या-पौर्णिमेनंतरचं उधाण सर्वात वर चढतं आणि नंतरच्या अष्टमीकडे भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती तिथवर पोचत नाही. त्यामुळे उधाणाची ती वरची ओळ पुढच्या उधाणापर्यंत जागेवर असते. त्या ओळीपासून गुडघाभर, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटर, उतार मोजायचा. नजरेने हे जमत नाही, कारण सपाट वाळू नजरेला फसवते. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी घ्या, वीसेक मीटर लांबीची. एक जण ओळीवर आणि दुसरा खाली, दोघांनी नळीतल्या पाण्याच्या रेषा जुळवल्या की पाच मिनिटांत उतार कळतो. लाटेची झेप पाण्याच्या खऱ्या पातळीपेक्षा वर जाते, म्हणून मिळालेल्या रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला जास्त जागा धरा.

एकूण पट्टा किनाऱ्यालगत ३० मीटर आणि उताराच्या दिशेने २० मीटर धरा. त्याचे १० बाय १० मीटरचे सहा चौकोन बांबूच्या काटक्या आणि सुतळीने आखा. खुंटीला लोखंडी खिळा नको. एका चौकोनात एक-एक मीटर रुंदीचे दहा पट्टे. कॉइल म्हणजे मशिनच्या दांड्याच्या टोकाची, वाळूवरून झुलवायची चकती. ११ इंची कॉइल म्हणजे २८ सेंटिमीटर, आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर अर्धा चढवायचा, म्हणजे एका झोक्याला १४ सेंटिमीटरच पुढे सरकायचं. एका झोक्याला तीन सेकंद दिले तर दहा मीटरच्या पट्ट्याला साधारण साडेतीन मिनिटं लागतात आणि चौकोनाला, खणणं सोडून, ३५ ते ४० मिनिटं. सहा चौकोन म्हणजे दोन ओहोट्यांचं काम. पहिल्या दिवशी तीन तासांत तुम्ही किनारा किती पालथा घातलात ते आठवा, म्हणजे तेव्हा किती सुटलं असेल ते लक्षात येईल.

हा पट्टा वरचा असल्यामुळे खोल ओहोटीची वाट पाहायची गरज नाही. तो रोज काही तास उघडा पडतोच. पाण्यातही शिरायचं नाही. कोणी पाण्याच्या खालच्या कडेला शोधणार असेल तर मात्र द्वितीया-तृतीयेचाच मुहूर्त धरावा. उधाण मोठं असतं आणि सकाळची ओहोटी सव्वासात ते साडेआठला, भरपूर उजेडात येते. पाणी उतरायला लागल्यावर, ओहोटीच्या दोन तास आधी सुरुवात करून त्याच्या पाठोपाठ खाली जायचं आणि पाणी वळलं की निघायचं. गुडघ्याच्या वर पाणी नको. पाय उचलून टाकू नका, घासत चाला, कारण उथळ वाळूत पाखट (स्टिंगरे मासा) बसलेलं असतं आणि पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं.

मशिन ओरडतं त्याचं कारण मीठ. कॉइल चुंबकीय लहरी सोडते. धातूत त्यामुळे भोवऱ्यासारखा प्रवाह उठतो आणि त्याचा परतीचा सिग्नल किती उशिरा येतो त्यावरून मशिन धातूचा आकडा ठरवतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे भिजलेली वाळू स्वतःच वीज वाहते. कॉइलखालचा तो एवढा मोठा ओला गोळा मशिनला पातळ कपट्यासारखा वाटतो. कोकणात दुसरी अडचण काळ्या वाळूची. दख्खनचा बेसॉल्ट झिजून नद्यांनी आणलेले मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइटचे कण किनाऱ्यावर साचतात, रत्नागिरीच्या मांडवीला तर वाळू उघड काळी दिसते. मीठ वाहक आहे आणि काळी वाळू चुंबकीय, दोघांचे सिग्नल वेगळ्या दिशांना जातात. एका फ्रिक्वेन्सीचं मशिन एका वेळी त्यातलं एकच काहीतरी पचवू शकतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडणारं मशिन दोन फ्रिक्वेन्सींवरच्या उत्तरांची तुलना करून मीठ वजा करतं. फरक एवढाच आहे.

बरेच जण यावर सोपा उपाय काढतात: मिठाचा आकडा दिसतो तो भाग बंदच करून टाकायचा. मशिन शांत होतं खरं, पण पातळ सोन्याचे आकडे नेमके तिथेच असतात. मंगळसूत्राच्या वाट्या पातळ पत्र्याच्या आणि पोकळ, त्यांचा आकडा कपट्याच्या शेजारी येतो. बारीक साखळी त्याहून वाईट. कड्या एकमेकींना फक्त टेकलेल्या असतात, प्रवाह कडीकडीत वेगळा फिरतो, म्हणून पाच ग्रॅमची साखळी दोन ग्रॅमच्या अंगठीपेक्षा कमी ऐकू येते. चमकी आणि बारीक टॉप्स साध्या मशिनला दिसतच नाहीत, असं समजून चाला. उलट चांदीची जोडवी आणि पैंजणाचे जाड तुकडे मोठ्या आकड्यावर स्वच्छ बोलतात. परदेशी तक्त्यांत १० आणि १४ कॅरेटच्या अंगठ्यांचे आकडे असतात. आपल्या २२ कॅरेट सोन्यात मिश्रण कमी, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या दागिन्याचा आकडा त्यापेक्षा वर येतो. तक्त्यावर विसंबू नका.

तुमच्या मशिनवर हे करा. बीच मोड असेल तर तो लावा. सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवू नका. ज्या वाळूवर शोधायचं त्याच वाळूवर कॉइल दोन ते पंधरा सेंटिमीटर वरखाली हलवत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे वाळूचा स्वतःचा सिग्नल मशिनला वजा करायला लावा, मग कॉइल स्थिर झुलवत सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी उतरवत चला, बडबड थांबेपर्यंत. साठ-सत्तर टक्क्यांवर आलात तरी वाईट वाटून घेऊ नका. शांत मशिन वीतभर खोलीवर जेवढं ऐकतं तेवढं ओरडणारं मशिन दोन बोटांवरही ऐकू देत नाही. कॉइल वाळूपासून दोन बोटं वर, पूर्ण झोक्यात त्याच उंचीवर ठेवा. झोक्याच्या टोकाला हात नकळत उचलला जातो आणि तिथेच खोटा आवाज येतो. कोरडी वाळू ओलीला मिळते त्या सीमेवर झोका तीन फुटांपेक्षा मोठा नको, आणि ग्राउंड बॅलन्स ओल्या बाजूवर. पाण्याचा पातळ पापुद्रा कॉइलखालून जात असेल तर तो जाईपर्यंत हात थांबवा. वरच्या पट्ट्यातली वाळू ओहोटीच्या दोन-तीन तासांत निथळते, त्यामुळे तुमचं हेच मशिन तिथे बरंच नीट चालेल. माझ्या मते या कामासाठी नवं मशिन घ्यायची गरज नाही.

निघण्याआधी मशिनला मंगळसूत्र ऐकवा. मावशींच्या किंवा घरातल्या कुणाच्या तशाच एका वाटीला प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घाला, पिशवीला लाल सुतळी बांधा, दुसरं टोक हातात. ओल्या वाळूवर ठेवून, मग चार बोटं पुरून, आकडा आणि आवाज लिहून घ्या. इमिटेशनची वाटी चालणार नाही, तिचा धातू वेगळा आणि आकडाही वेगळा. पुण्यात सराव करायचा असेल तर रुंद प्लास्टिकच्या टबात वीतभर वाळू आणि दहा लिटर पाण्याला ३५० ग्रॅम मीठ. बांधकामाची क्रश सँड बेसॉल्टचीच असते. तिच्यात लोहचुंबक फिरवला की काळी पूड चिकटते, म्हणजे तुम्हाला काळ्या वाळूचाही सराव होतो. टब गच्चीच्या स्लॅबवर ठेवू नका, आत सळ्या आहेत. मोकळ्या जमिनीवर, प्लास्टिकच्या स्टुलांवर दोन-तीन फूट उंच ठेवा. घरातल्या राउटरपासून आणि विजेच्या तारांपासून लांब.

नाणी का मिळाली नाहीत, त्याचं उत्तर ‘लोखंड बंद’ या एका सेटिंगमध्ये आहे. १९९२पासूनची रुपयाची बहुतेक नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत आणि नंतर दोन रुपयेही त्याच धातूत आले. लोहचुंबकाला ती पटकन चिकटतात. म्हणून मशिन त्यांना कधी लोखंड म्हणतं, कधी आकडा एकदम वर उडी मारतो. पाच रुपयांचं पितळी नाणं, दहा रुपयांच्या नाण्याची बाहेरची कडी आणि २०२०मध्ये चलनात आलेलं वीस रुपयांचं बाराकोनी नाणं हे तांब्याच्या मिश्रधातूंचे, ते चांगले बोलतात. जुनं क्युप्रोनिकेलचं (तांबं आणि निकेलचं) पाच रुपयांचं, नऊ ग्रॅमचं जाड नाणंही तसंच. घरातली सगळी नाणी एकेक करून कॉइलखाली फिरवा आणि स्वतःचा तक्ता करा. लोखंडाचा आवाज पूर्ण बंद करण्याऐवजी बारीक ठेवा, म्हणजे कचरा कुठे आहे तेही कळत राहतं.

बूच ओळखायची एक युक्ती आहे. बुचाचा आकडा कधीकधी चांगला येतो, पण कॉइल हळूहळू पुढे सरकवत फक्त तिची मागची कड बुचावरून नेली, की आवाज तुटतो आणि लोखंडाची घरघर मध्ये येते. अंगठी कोणत्याही बाजूने एकच बोलते. म्हणून प्रत्येक सिग्नलवर नव्वद अंशांत वळून दुसरा झोका घ्या. दोन्ही दिशांनी आकडा दोन-तीन घरांच्या आत राहिला तर खणा. कमी आकड्याचा, बारीक पण स्थिर आवाज असेल तर खणाच, मग दहातले नऊ कपटे निघाले तरी चालेल. सोनं शोधताना कपटे खणणं टळत नाही.

खणताना वस्तू निसटते ती पाणथळ वाळूत. पहिला फटका उथळ मारला, की खड्ड्यात पाणी भरतं, वाळूची लापशी होते आणि जड वस्तू आणखी खाली सरकते. दुसऱ्या फटक्याला ती आणखी खाली. म्हणून सिग्नलच्या मध्यापासून वीतभर मागे स्कूप (वाळू उपसायचं भोकांचं फावडं) टेकवा, पायाने दाबून एका दमात २० सेंटिमीटर खाली घाला, आणि मग ओढा. वाळू बाजूला टाकून आधी खड्डा तपासा, मग ढीग. सिग्नल ढिगात गेला असेल तरच ढीग चाळा. स्कूप पुण्यात कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडून करून घेता येतो. दीड ते दोन मिलिमीटरचा, भोकं पाडलेला ३०४ ग्रेडचा स्टेनलेस पत्रा घ्या. ३१६ मिळाला तर खाऱ्या पाण्याला तो आणखी चांगला, २०२ मात्र एका हंगामात गंजतो. भोकं ८ मिलिमीटरची सांगा. दहा-बारा मिलिमीटरच्या भोकातून वाळू लवकर गळते, पण वाटीही गळते. सुट्या वाटीसाठी मी तर स्कूपखाली स्वयंपाकघरातली मोठी प्लास्टिकची चाळण धरायला सांगेन. एक वाटी मिळाली तर तिथून हलू नका. धागा किंवा तार तुटल्यावर वाट्या, मणी आणि साखळी वेगवेगळी बसतात, पण फार लांब जात नाहीत. भोवतीचा दोन मीटरचा गोल सावकाश, आडवाउभा, दोनदा करा. काळे मणी मशिनला दिसत नाहीत, ते डोळ्यांनीच शोधायचे.

खड्डा लगेच बुजवा. संध्याकाळी तिथे मुलं धावतात.

दिवेआगरला पोचल्यावर मशिन बाहेर काढण्याआधी ग्रामपंचायतीत जा, काय हरवलंय ते सांगा, पोलिस ठाण्यातही हरवल्याची नोंद करून पोच घ्या. याच गावात १९९७मध्ये सुपारीच्या वाडीत पुरलेल्या तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती सापडला आणि २०१२मध्ये तो चोरीला गेला. मशिन घेऊन खणणाऱ्या अनोळखी माणसाकडे गाव संशयाने बघणारच, आणि ते बरोबर आहे. तुमच्या खिशातली नोंदीची पोच तिथे कामाला येते.

शोधताना दुसऱ्या कुणाची अंगठी मिळाली तर ती तुमची नाही. मालक शोधता येण्यासारखा असताना वस्तू ठेवून घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो अपहार ठरू शकतो. अंगठीच्या आतली बाजू भिंगाने बघा. १ एप्रिल २०२३पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर ९१६ सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की दागिना कोणत्या सराफाने हॉलमार्क करून घेतला ते समजतं, आणि सराफाच्या बिलावरून पोलिसांना मालकापर्यंत जाता येतं. वस्तू ठाण्यात जमा करा आणि पोच मागा. जमिनीत लपवून ठेवलेलं, जुनं काही निघालं, तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असं काहीही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, आणि न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जुनं नाणं घासू नका, धुऊही नका, मिळालं तसं द्या. मुरूड-जंजिरा, अलिबागचा कुलाबा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, मालवणचा सिंधुदुर्ग हे केंद्राने संरक्षित केलेले किल्ले आहेत. त्यांच्याभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. तिथे मशिन गाडीतच राहू द्या.

नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचा काळ, वेळास आणि आंजर्ल्याला तर त्यासाठी लोक मुद्दाम जातात. मादी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, साधारण दीड फूट खोल घरटं करते. म्हणून कचऱ्याच्या ओळीच्या वर या दिवसांत एकही खड्डा नको. ट्रॅक्टरच्या चाकासारख्या पावलखुणा वर गेलेल्या दिसल्या तर गावातल्या कासवमित्रांना सांगा. मावशींचं मंगळसूत्र त्या ओळीच्या खालीच आहे, तुम्हाला वर जायचं कारणही नाही.

परत निघण्याआधी मशिन गोड्या पाण्याने धुवा, पण जोराच्या धारेने नको. तुमच्या मशिनची फक्त कॉइल वॉटरप्रूफ आहे की डबाही, ते माहितीपुस्तकात बघून घ्या. डबा नसेल तर तो ओल्या फडक्यानेच पुसायचा. कॉइलचं खालचं कव्हर काढून आत साचलेली काळी वाळू झटका, ती राहिली तर पुढच्या खेपेला मशिन पुन्हा विनाकारण ओरडेल आणि तुम्ही पुन्हा सेटिंगला दोष द्याल. दांड्याचे सांधे उघडून धुवा. चार्जिंगचं भोक पूर्ण वाळल्याशिवाय वायर लावू नका, खाऱ्या थेंबातून वीज गेली की पिना एका रात्रीत हिरव्या पडतात. ताम्हिणीतून परत येताना गाडीत चार्जिंगला लावायचा मोह होतो, तो टाळा आणि घरी येऊन एक दिवस वाळू द्या.